बंदी कॉफीवर नव्हती : लंडन, १६७५

१६७५ सालच्या २९ डिसेंबरला इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या नावाने एक फर्मान निघालं. १० जानेवारीपासून राज्यातली सगळी कॉफीहाऊसं बंद. कारणं दोन सांगितली होती. एक म्हणजे कामधंद्याची माणसं तिथे बसून वेळ दवडतात. दुसरं कारण, ज्यासाठी हा सारा खटाटोप होता, ते असं की रिकामटेकडे आणि असंतुष्ट लोक तिथे जमतात, खोट्या आणि बदनामीकारक बातम्या रचतात, त्या चौफेर पसरतात, सरकारची अप्रतिष्ठा होते आणि राज्यातली शांतता बिघडते. हुकूम मोडून दुकान चालवणाऱ्याला दरमहा पाच पौंड दंड.

८ जानेवारीला, बंदी लागू व्हायला दोन दिवस उरलेले असताना, दुसरं फर्मान निघालं. तूर्तास दुकानं चालू राहू द्या, असं त्यात म्हटलं होतं. बंदी त्यानंतर कधीच अमलात आली नाही.

(जुने कागद पाहणाऱ्यांचा घोळ होऊ नये म्हणून सांगतो: त्या काळी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे तिथल्या नोंदींत हा जानेवारीही १६७५ चाच असतो. मी आजच्या पद्धतीने १६७६ म्हणतो आहे.)

राजकीय सहभाग म्हटला की आपण मतदान, मोर्चा, निवेदन, उमेदवारी एवढंच मोजतो. माणसं रोज एकमेकांशी जे बोलतात, बातमी ऐकून जे मत देतात, कारभाऱ्यांबद्दल जे कुरकुरतात, ते सगळं ‘नुसत्या गप्पा’ या खात्यावर टाकून मोकळे होतो. अभ्यासकांत यावर पुष्कळ खल झालेला आहे. युर्गेन हाबरमास यांनी १९६२ साली सार्वजनिक चर्चेचा इतिहास मांडताना याच कॉफीहाऊसांना मानाचं पान दिलं. जेन मॅन्सब्रिज यांनी १९९९ साली असं मांडलं की रोजचं बोलणं हा लोकशाहीतल्या विचारविनिमयाच्या व्यवस्थेचाच एक भाग आहे, संसदेतल्या चर्चेइतकाच. हे मला पटतं. पण पटवून द्यायला सिद्धान्तापेक्षा हे दहा दिवस जास्त उपयोगी पडतात, कारण इथे गप्पांना राजकीय कृती ठरवण्याचं काम कोणा विचारवंताने केलेलं नाही. ज्या सरकारबद्दल त्या गप्पा चालल्या होत्या, त्या सरकारनेच ते केलं.

फर्मान नेमकं काय म्हणतं

मजकूर बारकाईने वाचला की एक गोष्ट डोळ्यांत भरते. मनाई होती ती सार्वजनिक कॉफीहाऊस चालवायला, आणि कॉफी, चॉकलेट, सरबत किंवा चहा ‘त्याच घरात बसून पिण्यासाठी’ किरकोळ विकायला. घरी नेऊन प्यायली तर कोणाची हरकत नव्हती. एकट्याने पिण्याबद्दल फर्मानाला काही म्हणायचं नाही. चारचौघांत बसून पिण्याबद्दल आहे.

आणखी एक. दारूचे गुत्ते, खानावळी, सराया यांना या हुकुमाने हात लावला नाही. तिथेही माणसं जमायची, बोलायची, राजाला शिव्याही घालायची. मग रोख कॉफीहाऊसांवरच का? याचं उत्तर त्या जागेच्या रचनेत आहे, म्हणून तिथे जरा थांबायला हवं.

लंडनमधलं पहिलं कॉफीहाऊस १६५२ साली कॉर्नहिलजवळच्या सेंट मायकेल्स अ‍ॅली या गल्लीत पास्क्वा रोझे नावाच्या माणसाने काढलं. १६६३ पर्यंत एकट्या जुन्या शहरात अशी ८२ दुकानं झाली होती. आत शिरलं की एक पेनी द्यायची. मग लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना बाकं, शेकोटीवर चढवलेलं भांडं आणि चिलमींचा धूर. कॉफीवर गॅलनमागे चार पेन्स अबकारी कर होता, त्यामुळे ती पिंपाने उकळून ठेवायची, कर घेणाऱ्याने मोजून जायचं, आणि मग गिऱ्हाईक येईल तशी पुन्हा गरम करून द्यायची. चवीसाठी कोणी तिथे तासन्‌तास बसत असेल असं वाटत नाही.

बसण्याची रीत अशी की जी जागा रिकामी असेल तिथे टेकायचं. शेजारी जहाजाचा दलाल असेल, वकील असेल, पाद्री असेल किंवा एखादा शास्त्रज्ञ. रॉबर्ट हूक १६७०च्या दशकात रोजनिशी लिहीत होता, आणि तिच्यात कॉफीहाऊसच्या फेऱ्या पानोपानी भेटतात. बसल्या बसल्या पहिला प्रश्न ठरलेला: काय बातमी? उत्तर टेबलावर पडलेलं असायचं. हाताने लिहिलेलं बातमीपत्र.

ही बातमीपत्रं हा या प्रकरणाचा कणा आहे. १६६२ च्या परवाना कायद्याने छापखान्यांना वेसण घातली होती. मंजुरीशिवाय काही छापता येत नसे, आणि छापील बातमी म्हणजे मुख्यतः सरकारी गॅझेट. त्यात परदेशातल्या लढाया, जहाजांची ये-जा, राजदरबारच्या नेमणुका. संसदेत कोण काय बोललं याचा मागमूस नाही. पण हाताने लिहिलेल्या पत्राला छपाईचा कायदा लागत नव्हता. म्हणून हेन्री मडिमनसारख्या माणसांनी लेखनिक बसवून एकेका पत्राच्या नकला काढायचा धंदा उभा केला. वर्षाला पाच पौंड वर्गणी. मंगळवार, गुरुवार, शनिवार या टपालाच्या रात्री ती लंडनहून गावोगाव जायची. पाच पौंड ही लहानसहान रक्कम नव्हती, सामान्य कारागिराला ती परवडली नसती. पण कॉफीहाऊसच्या मालकाने एक वर्गणी भरली की पेनी देणारा प्रत्येक माणूस ते वाचू शकायचा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी कोणीतरी मोठ्याने वाचायचं.

मोठ्याने वाचलं की त्यावर बोलणं आलंच. एकाने शंका काढायची, दुसऱ्याने परवा बंदरावर ऐकलेली वेगळी हकीकत सांगायची, तिसऱ्याने विचारायचं की हे खरं असेल तर खजिन्यातला पैसा गेला कुठे. गुत्त्यातही माणसं बोलत, पण तिथे बहुधा ओळखीची टोळी असे आणि दारू चढल्यावर बोललेलं सकाळी कोणी मनावर घेत नसे. इथे अनोळखी माणसं शुद्धीत, एकाच कागदावर, रोज बोलत होती आणि उद्या पुन्हा भेटणार होती. या चिकाटीची सरकारला धास्ती वाटली, आणि माझ्या मते ती रास्त होती.

संसदेला कुलूप

आता काळ पाहा. त्या वेळची संसद १६६१ मध्ये निवडून आलेली होती आणि ती १६७९ च्या जानेवारीपर्यंत बरखास्त झाली नाही. जवळजवळ अठरा वर्षं सार्वत्रिक निवडणूक नाही. मताचा हक्क मुळात थोड्या पुरुषांना, आणि तोही एवढा काळ वापरायला मिळाला नाही. अर्ज करावा म्हटलं तर १६६१ च्याच एका कायद्याने बंधन घातलेलं: राज्यकारभारात बदल मागणाऱ्या अर्जावर वीसपेक्षा जास्त सह्या घ्यायच्या असतील तर आधी न्यायदंडाधिकाऱ्यांची किंवा ग्रँड ज्युरीची संमती हवी, आणि तो अर्ज घेऊन दहापेक्षा जास्त माणसांनी जायचं नाही.

इंग्लंड प्रोटेस्टंट देश, आणि १६७० पासून लोकांच्या मनात राजाबद्दल संशय साचत चालला होता. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्याशी चार्ल्सने डोव्हरचा गुप्त करार केला होता. आपण कॅथलिक असल्याचं योग्य वेळी जाहीर करायचं आणि त्या बदल्यात फ्रान्सकडून पैसा घ्यायचा, असं त्यातलं कलम. हे कलम बाहेर कोणाला ठाऊक नव्हतं, पण धूर दिसत होता. १६७२ मध्ये सरकारने सावकारांची देणी थांबवली, डचांशी युद्ध पुकारलं. १६७३ मध्ये राजाचा भाऊ आणि वारस जेम्स कॅथलिक झाल्याचं उघड झालं. १६७२ आणि १६७४ अशी दोनदा, खोट्या बातम्या पसरवू नका आणि राज्यकारभाराबद्दल सैल जिभेने बोलू नका, अशी बजावणारी फर्मानं निघाली. त्यांनी काही फरक पडला नाही. पडला असता तर १६७५ चं फर्मान काढावंच लागलं नसतं.

२२ नोव्हेंबर १६७५ ला राजाने संसद स्थगित केली, थेट फेब्रुवारी १६७७ पर्यंत. पंधरा महिने. पाच आठवड्यांनी कॉफीहाऊसबंदी आली. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की दुसऱ्या हुकुमाचा अर्थ आपोआप उलगडतो. मुख्य मंत्री लॉर्ड डॅन्बी याने एक सभागृह बंद केलं होतं, आणि त्याच्या लक्षात आलं की त्यातली चर्चा आता पेनीच्या टेबलांवर चालू राहील. चौदा वर्षं मत नाही, संसदेला कुलूप, अर्जाला सह्यांची मर्यादा. राज्यकारभारात भाग घेण्याचा जो एकमेव मार्ग साध्या माणसाला उरला होता, तो बाकावर बसून बोलण्याचा होता.

हे कारभाऱ्यांना आधीपासून कळत होतं. १६६६ मध्ये राजाचा तेव्हाचा मुख्य मंत्री लॉर्ड क्लॅरेंडनने अशीच बंदी सुचवली होती, निदान हेर तरी बसवावेत असा त्याचा आग्रह होता. राजाचा सल्लागार सर विल्यम कॉव्हेंट्रीने विरोध केला. त्याची कारणं क्लॅरेंडननेच लिहून ठेवली आहेत: कॉफीतून राजाला चांगला महसूल मिळतो, आणि राजेशाही उलथवणाऱ्या क्रॉमवेलच्या अमदानीत राजाचे पक्षपाती दुसरीकडे कुठे तोंड उघडायला धजत नव्हते तेव्हा याच घरांमध्ये ते मोकळेपणी बोलू शकले. दुसरं कारण मला फार मोलाचं वाटतं. बोलण्याची जागा एका पक्षाची नसते, सत्तेबाहेर जो असतो त्याला ती लागते, आणि कॉव्हेंट्रीने राजाला तो सत्तेबाहेर होता तेव्हाची आठवण करून दिली.

राजाविना चाललेल्या त्या राजवटीचा शेवट होत असतानाची एक हकीकत इथे सांगितलीच पाहिजे. १६५९ च्या अखेरीला वेस्टमिन्स्टरमध्ये माइल्सच्या कॉफीहाऊसात जेम्स हॅरिंग्टन हा राजकीय विचारवंत आणि त्याचे स्नेही रोज संध्याकाळी जमायचे. त्यासाठी मुद्दाम अंडाकृती टेबल करून घेतलं होतं, आणि मालकाला आत जाऊन कॉफी देता यावी म्हणून त्याच्या मधोमध वाट ठेवली होती. भोवती बसून राज्यघटनेवर वाद व्हायचे, आणि वाद संपला की लाकडी पेटीत मतं टाकून निर्णय घेतला जायचा. प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पेप्सही तिथे जाऊन बसलेला आहे. ती मतं कोणावर बंधनकारक नव्हती. पण राज्य कसं चालवावं यावर सामान्य गिऱ्हाइकाने आधी युक्तिवाद ऐकायचा आणि मग मत द्यायचं, हा सराव तिथे झाला. १६६० च्या फेब्रुवारीत, राजा परतण्याची चिन्हं दिसू लागल्यावर, ती बैठक मोडली.

दहा दिवस

फर्मान निघाल्यावर जे घडलं त्यात वीरश्री वगैरे नव्हती. कोणी तुरुंगात गेलं नाही, रस्त्यावर दंगल झाली नाही. कॉफीहाऊसच्या मालकांनी राजाकडे अर्ज केला. अर्जाचा सगळा भर व्यवहारावर होता: मालाचे साठे भरून ठेवले आहेत, त्यांवरचा कर चुकता केला आहे, कुटुंबं रस्त्यावर येतील. कायद्याचाही पेच निघाला. १६६३ च्या कायद्यानुसार त्यांना न्यायदंडाधिकाऱ्यांनी रीतसर परवाने दिलेले होते. एकदा दिलेला परवाना राजा मधेच रद्द करू शकतो का? न्यायाधीशांना विचारलं तर त्यांचं एकमत होईना.

शिवाय शहरात बोभाटा झाला तो वेगळाच. बंदी अजून लागू झाली नव्हती, म्हणजे कॉफीहाऊसं चालू होती, आणि तिथे त्या दहा दिवसांत दुसरा कोणता विषय असणार? डेव्हिड ह्यूमने पुढल्या शतकात इतिहास लिहिताना माघारीचं कारण सरळ दिलं आहे: लोक फार नाराज आहेत हे राजाला दिसलं.

आता कोणी म्हणेल की बंदी उठली ती महसुलामुळे, कायद्याच्या त्रुटीमुळे, व्यापाऱ्यांच्या अर्जामुळे. गप्पांचं श्रेय काय? आक्षेप वजनदार आहे. महसूल आणि परवान्याचा पेच नसता तर कदाचित राजा अडून बसला असता. पण महसूल २९ डिसेंबरलाही होता. परवानेही तेव्हा होतेच. ते सगळं माहीत असून हुकूम निघाला आणि दहा दिवसांत मागे गेला. मधे नवीन काय आलं? लोक काय म्हणताहेत ते सरकारच्या कानावर आलं. अर्ज होता मालकांचा, पण त्याला धार होती ती गिऱ्हाइकांच्या नाराजीची. कॉफीच्या जागी साबण असता तर त्याच अर्जाला तेवढं झटपट उत्तर मिळालं असतं असं मला वाटत नाही.

माघारीची अट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. ८ जानेवारीच्या फर्मानाने २४ जूनपर्यंत मुदत दिली. त्या बदल्यात मालकाने मोठ्या रकमेचा मुचलका लिहून द्यायचा: माझ्या घरात बदनामीकारक कागद, पुस्तकं, पत्रकं येऊ देणार नाही, वाचू देणार नाही, आणि सरकारविरुद्ध खोटी बातमी कोणी बोललं तर अधिकाऱ्यांना कळवीन. बंदी गेली आणि तिच्या जागी चहाडी आली. राज्याला बोलणं थांबवता येत नव्हतं, म्हणून बोलण्याच्या जागेचा मालकच पहारेकरी करायचं ठरलं.

कल्पना हुशार होती. ती फसली कारण मालकाचं पोट बातमीवर होतं. ज्या दुकानात बातमीपत्र नाही तिथे कोण जाणार? आणि गिऱ्हाइकांची नावं सांगणाऱ्याकडे पुन्हा कोण येणार? मुदत आणखी सहा महिने वाढवली गेली, आणि मग विषय तसाच बारगळला. बोलणाऱ्यांनी काही जाहीरनामा काढला नाही. ते रोज येत राहिले, पेनी देत राहिले, आणि तेवढ्याने मुचलक्याचा कागद निकामी झाला.

ज्यांना बाक मिळालं नाही

या टेबलांचं कौतुक करताना हातचं राखायला हवं. हाबरमास यांच्यावर इतिहासकारांची एक मोठी टीका हीच आहे की त्यांनी कॉफीहाऊस फार उजळून दाखवलं. गिऱ्हाइकांत बाया जवळपास नव्हत्या. काही दुकानं बायका चालवायच्या, त्यांत विधवाही होत्या. म्हणजे भांडं चढवणारी, पेनी घेणारी बाई सगळं ऐकत होती, पण बाकावर बसून ‘काय बातमी’ विचारणं तिच्या वाट्याला नव्हतं. पेनी लहान वाटते, पण हातावर पोट असलेल्याला दिवसाढवळ्या तास-दोन तास बसून राहणं परवडत नाही. ‘कोणीही यावं’ असं म्हणणाऱ्या जागेत कोण येऊ शकत नाही हे आधी विचारलं नाही, तर रोजच्या बोलण्याला सहभाग म्हणण्याला अर्थ राहत नाही. ते मूठभरांचं बोलणं होतं. मतदारांपेक्षा मोठी मूठ, एवढंच.

एकाच हिवाळ्यात खरं आणि खोटं

आणि फर्मानातला मुख्य आरोप? खोट्या बातम्यांचा? तो झटकून टाकता येत नाही. १६७८ च्या हिवाळ्यात या प्रकरणाची खरी परीक्षा झाली.

त्या वर्षी टायटस ओट्स नावाच्या माणसाने शपथेवर सांगितलं की जेझुइटांनी, म्हणजे कॅथलिकांच्या एका संघाच्या पाद्र्यांनी, राजाला ठार मारण्याचा कट रचला आहे. ज्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे त्याने शपथ घेतली तो सर एडमंड बेरी गॉडफ्री ऑक्टोबरमध्ये मेलेला सापडला. लंडन हादरलं. बातमी टेबलाटेबलावर फिरली आणि प्रत्येक फेरीत वाढत गेली. कट मुळात नव्हता. ओट्सने तो सबंध रचलेला होता. १६८५ मध्ये तो खोट्या शपथेबद्दल दोषी ठरला, पण तोपर्यंत डझनावर निरपराध माणसांना फाशी झालेली होती. त्यांतला शेवटचा आयर्लंडमधल्या आर्माचा कॅथलिक आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट, जुलै १६८१ मध्ये.

फर्मान बरोबर होतं असं म्हणायचा मोह इथे होतो. मग त्याच हिवाळ्यातली दुसरी तारीख पाहावी. १९ डिसेंबर १६७८ ला फ्रान्समधला माजी राजदूत राल्फ मॉन्टेग्यू याने संसदेच्या कॉमन्स सभागृहात डॅन्बीची पत्रं उघड केली. डॅन्बीने राजाच्या संमतीने फ्रान्सकडे पैसे मागितले होते. कॉफीहाऊसांत कितीतरी वर्षं कुजबुजलं जात होतं की दरबार फ्रेंच पैशावर चालतो. ज्या मंत्र्याच्या कारकिर्दीत ‘खोट्या बातम्या’ म्हणून दुकानांना टाळं ठोकायला निघाले होते, त्याच्याच सहीचा कागद ती कुजबुज खरी ठरवत होता. पुढच्या वर्षी डॅन्बी लंडनच्या टॉवर या किल्ल्यात कैदेत गेला.

एकाच बाकावर, एकाच महिन्यात, एक भयंकर खोटं आणि एक दडवलेलं खरं फिरत होतं. बसलेल्या माणसाला यातलं कुठलं कुठलं हे ओळखायचं साधन काय होतं? करार गुप्त, संसदेतली भाषणं छापायला बंदी, गॅझेट मुकं. ज्या राज्यात सरकार खरं सांगत नाही तिथे माणसं तर्क लढवतात, आणि एकदा तर्क खरा निघाला की पुढच्या वेळी वाटेल त्या थापेवर विश्वास बसतो. ओट्सला श्रोते मिळाले ते राजाने आठ वर्षं जी लपवाछपवी केली त्यामुळे, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय फाशी कॉफीहाऊसांनी दिली नाही. ती शपथा, पुरावे आणि ज्युरी असलेल्या न्यायालयांनी दिली, आणि संसदेनेही ओट्सला डोक्यावर घेतलं. ज्यांना आपण ‘खऱ्या’ राजकीय संस्था म्हणतो त्यांनी खोट्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि दोष मात्र गप्पांच्या माथी मारला जातो. तरीही हात झटकता येणार नाहीत. टेबलावर बसून ती थाप पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाचा त्या मृत्यूंत वाटा होता. बोलणं ही कृती असेल तर तिची जबाबदारीही बोलणाऱ्याकडे येते. एकीकडे ‘हा माझा हक्क’ आणि दुसरीकडे ‘मी तर नुसतं बोललो’ असं दोन्ही म्हणता येत नाही.

बाकावरून सहीकडे

डिसेंबर १६७९ मध्ये राजाने नव्या संसदेची बैठक पुढे ढकलली तेव्हा लंडनमध्ये सार्वजनिक ठिकाणी टेबलं मांडून, दौत-लेखणी ठेवून सह्या घेतल्या गेल्या. मागणी एकच: संसद बसवा. १२ डिसेंबरला राजाने अशा अर्जांविरुद्ध फर्मान काढलं. जानेवारीत हजारो सह्यांची गुंडाळी तरी त्याच्यापुढे गेलीच. दुसऱ्या बाजूने अशा अर्जांचा धिक्कार करणारे अर्ज निघाले. अर्जदार आणि धिक्कारवाले या दोन गटांनाच पुढे व्हिग आणि टोरी ही नावं चिकटली. इंग्लंडमधले पहिले पक्ष असे उभे राहिले. त्या हजारो लोकांना वीस सह्यांची मर्यादा ओलांडायचं धाडस एका दिवसात आलेलं नव्हतं; कोण आपल्या बाजूचं आहे हे त्यांना वर्षानुवर्षं शेजारी बसून ठाऊक झालेलं होतं.

सरकारी बाजूने हे सगळ्यात लवकर कोणाला उमगलं, तर रॉजर लेस्ट्रेंजला. हा छपाईवरचा सरकारी देखरेख अधिकारी. १६६३ मध्ये त्याने लिहिलं होतं की सार्वजनिक बातमीपत्रच नको. त्याने सामान्य लोकांना वरिष्ठांच्या कृतींची आणि मसलतींची फार सवय होते, ते टीका करू लागतात, आणि कारभारात ढवळाढवळ करण्याची नुसती खाजच नव्हे तर एक प्रकारचा हक्कच त्यांना मिळाल्यासारखा होतो. रोजचं बोलणं हा सहभाग आहे याची इतकी नेमकी व्याख्या त्याच्या बाजूच्या दुसऱ्या कोणी केलेली माझ्या वाचनात नाही.

१६७९ मध्ये परवाना कायद्याची मुदत संपली आणि पत्रकांचा पूर आला. १६८१ च्या एप्रिलमध्ये याच लेस्ट्रेंजने स्वतःचं पत्रक काढलं आणि पुढे सहा वर्षं चालवलं. त्याचं म्हणणं आता असं होतं की छापखान्याने लोकांना वेडं केलं, तेव्हा छापखान्यानेच त्यांना ताळ्यावर आणलं पाहिजे. पत्रकात अग्रलेख नसायचा. दोन माणसं समोरासमोर बसली आहेत, एक विचारतो आणि दुसरा उत्तर देतो, अशा संवादाच्या रूपात त्याने राजाची बाजू मांडली.